फोन चालू ठेवा हं

आधीच सांगते, ही रचलेली गोष्ट नाही.

रचायचीच असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती, ओसाड बंगला घेतला असता, कुत्र्यांना रडायला लावलं असतं. यातलं काहीही नव्हतं. टळटळीत दुपार होती. दोन्ही बाजूंना दुकानं असलेला, वाहता रस्ता होता. आणि जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. आजही रोज सकाळी माझ्याशी फोनवर बोलते.

फक्त आता बोलताना मधूनच थांबते... आणि विचारते, "तूच बोलते आहेस ना?"

आमच्या घरात तिला सगळे घाईताई म्हणतात. जन्मालाच ती दिवस भरायच्या आधी आली, आणि तेव्हापासून थांबणं म्हणून तिला माहीत नाही. ताट वाढलेलं असलं तरी उठणार, "आलेच हं" म्हणणार आणि तिसऱ्याच कामाला लागणार. लहानपणी आम्ही तिची नक्कल करायचो. नाक उडवून, मान वेळावून, "आलेच हं!" ती चिडायची, मग स्वतःच हसत सुटायची.

ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. म्हणजे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून कवळी बनवणारी माणसं वेगळी असतात. त्यातली ही एक. हात सोन्याचा. कवळी पक्की करायच्या आधी दात नुसते मेणावर बसवतात, पेशंटच्या तोंडात घालून बघतात, चावा जुळतो का, हसताना बरं दिसतं का. मग पुढचं काम. ते मेणातले दात डब्यात घालून दवाखान्यांत पोचवायचं कामही ताईकडेच होतं, कारण गाडी तिच्याकडे होती.

मेण फार नाजूक. जरा ऊब लागली की मऊ पडतं आणि दात जागचे हलतात. दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून ताईचा एक नियम होता. काहीही झालं तरी डबा उन्हात, गाडीत सोडायचा नाही. कुठंही उतरली की डबा काखेत.

डबा काखेत... आणि मुलं गाडीत.

हे मी आज लिहिते आहे, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही. कुणाच्याच नाही.

मुलं दोन. थोरली तेव्हा पहिलीत. तिला आम्ही आजीबाई म्हणतो, कारण ती बोलते तशीच, कमरेवर हात ठेवून. धाकटा टिल्लू, अजून बोबडा. ताईचा नवरा कामानिमित्त बाहेरगावी, महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा येणार. त्यामुळे शाळा सुटली की दोघांना गाडीच्या मागच्या सीटवर घालायचं आणि दवाखान्यांची फेरी करायची, असा तिचा रोजचा क्रम. प्रत्येक ठिकाणी दोन लहान मुलांना उतरवा, रस्ता ओलांडा, जिने चढवा, यात तिच्या नाकी नऊ यायचे. आणि काम असायचं डबा द्यायचा नि परत फिरायचं एवढंच.

मग नवऱ्यानं युक्ती काढली. ताईचा जुना फोन, काचेला तडा गेलेला, तो गाडीतच ठेवायचा. उतरायच्या आधी तिनं आपल्या फोनवरून त्यावर कॉल लावायचा. आजीबाईनं उचलायचा, स्पीकरवर टाकून सीटवर ठेवायचा. ताईच्या कानात इअरफोन. म्हणजे ती वर दवाखान्यात असली तरी गाडीतला शब्दन् शब्द तिला ऐकू येणार.

"जणू मी मागच्या सीटवरच बसलेली असते," असं ती मला कौतुकानं सांगायची.

मलाही ते पटलं होतं. किती हुशार नवरा, असंच वाटलं होतं.

उतरताना तिचं वाक्य ठरलेलं. "फोन चालू ठेवा हं. आलेच."

आता त्या जागेविषयी सांगते.

त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. लोक चकरा मारून मारून दमतात, हॉर्न वाजवतात, भांडतात. पण दातांच्या दवाखान्यासमोर, एका कायम बंद असलेल्या शटरपुढं, एक जागा असायची.

नेहमी रिकामी.

पुढची गाडी लागलेली, मागची लागलेली, मधे बरोब्बर एका गाडीपुरती फट. ताई त्या भागात नवी होती. लॅबनं तो दवाखाना तिच्याकडे नुकताच दिला होता. तिला वाटायचं, आपलं नशीब जोरावर आहे. पलीकडच्या फुटपाथवर एक किल्ल्या बनवणारा बसायचा. ती गाडी लावायला लागली की तो हातातली कानस थांबवून बघत राहायचा. ताईला त्याचा राग यायचा. बाईनं गाडी लावताना पुरुष बघतात तसाच बघतोय, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी ऊन अंगावर धावून येत होतं. ताईकडे दोन डबे होते, दोन पेशंटांचे. मागच्या दोन्ही काचा तिनं चार बोटं खाली ठेवल्या. गाडी जुनी, काचा हातानं दांडा फिरवून खाली-वर करायच्या. त्यातही डाव्या काचेचा दांडा केव्हाच तुटलेला. ती काच एकदा खाली गेली की वर घ्यायला दोन मोठी माणसं लागायची, एक आतून आणि एक बाहेरून. हे लक्षात ठेवा.

कॉल लावला. आजीबाईनं उचलला. तिनंच दारांची बटणं आतून खाली दाबली.

"फोन चालू ठेवा हं. आलेच."

आणि ताई घाईघाईत निघाली. इतक्या घाईत, की काखेत एकच डबा होता. दुसरा पुढच्या सीटवर राहिला. जन्मात पहिल्यांदा.

जिना चढताना कानात टिल्लू काहीतरी गुणगुणत होता. मधे जरा खरखर झाली... मग परत स्वच्छ ऐकू यायला लागलं. नेहमीपेक्षाही स्वच्छ.

आत खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, दात नसलेल्या तोंडानं रागावून. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, पेशंट खुर्चीत असतानाच आलात. जरा थांबा, लगेच बघू."

कवळी घातली. बाईंनी तोंड मिटलं. एका बाजूला फट.

"हे असं असतं का?" बाई म्हणाल्या. "मला हसायचंय हो यातून, शिट्टी नाही वाजवायची."

डॉक्टर ताईकडे बघून हसले. "आता आलाच आहात तर इथंच जुळवून द्या ना. परत चकरा कशाला?"

ताईनं कानातल्या आवाजाकडे लक्ष दिलं. मुलं खेळत होती. कोण आधी पापणी मिटतो, तो खेळ. टिल्लू हरत होता आणि खिदळत होता. सगळं ठीक.

तिनं स्पिरिटचा दिवा पेटवला, सुरी तापवली आणि मेण हलवायला बसली.

कामात ती बुडाली की बुडाली. दात सरकव, घालून बघ, परत काढ. बाईंची तक्रार, डॉक्टरांचं "अजून जरासं". आणि कानात मुलांची मजा चाललेली. एकदा तिनं हळूच विचारलंसुद्धा, "काय गं, बरे आहात ना?"

"हो आई," आजीबाई म्हणाली. "आम्ही मजेत आहोत. तू कर तुझं काम."

ताई क्षणभर थबकली.

कारण आजीबाई असं कधी बोलत नाही. ती म्हणते, "आई, किती वेळ गं! तुझं 'आलेच' म्हणजे उद्या." त्याशिवाय तिचा फोन पुरा होत नाही.

पण ताईला बरंच वाटलं. पोरगी शहाणी झाली, असं मनात म्हणून तिनं पुढचा दात उचलला.

मग कानातला दंगा कमी झाला.

हळूहळू... अगदीच थांबला.

आणि कुणीतरी गुणगुणायला लागलं.

टिल्लू नव्हे. आजीबाई नव्हे. मोठ्या बाईचा आवाज. शब्द नाहीत, नुसतं बाळाला थोपटताना काढतात तसं. तालावर. एक हात कशावर तरी पडत होता... थप... थप... थप...

ताईच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"कोण आहे?"

डॉक्टर म्हणाले, "काय झालं?"

"आजीबाई! गाडीत कोण आलंय?"

थोपटणं थांबलं. श्वास ऐकू आला. अगदी जवळून. कानाला तोंड लावून कुणी उभं असावं इतक्या जवळून.

मग तो आवाज म्हणाला,

"आलेच हं."

ताईच्या स्वतःच्या आवाजात. ताईच्याच लकबीत. शेवटी जरा वर नेलेला सूर, आम्ही ज्याची नक्कल करायचो तोच.

कॉल बघायला ताईनं फोन खिशातून काढला.

कॉल चालू नव्हता.

जिन्यातच तुटला होता. त्या खरखरीत. त्यानंतर पडद्यावर ओळीनं मिस्ड कॉल होते. एकाखाली एक, एकाखाली एक. सगळे त्याच जुन्या फोनवरून. पोरगी सारखी फोन लावत होती, आणि आईच्या कानात दुसरंच कुणीतरी तिच्या आवाजात "आम्ही मजेत आहोत" म्हणत होतं.

ताई धावली. दिवा तसाच जळता, बाई आ वासून खुर्चीत. जिन्यावर चप्पल सुटली ती तिथंच राहिली. तापलेल्या रस्त्यावर ती अनवाणी पळत गेली.

गाडी होती. काचा...

काचा बंद होत्या. चारही. डावीसुद्धा.

आणि आतून धुरकटलेल्या. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि काचेवर हिवाळ्यात जमतो तसा ओलावा.

तिनं किल्ली लावली. बटण टक् करून वर आलं. तिनं दार ओढायच्या आत... टक्. परत खाली. पुन्हा लावली. वर. खाली. दुसऱ्या दाराला लावली. वर. खाली. आत कुणी घाई करत नव्हतं. शांतपणे, दर वेळी, एकेक.

"आजीबाई! टिल्लू! दार उघडा! आई आहे!"

ती काचेवर तळहात आपटत होती. लोक थांबायला लागले होते. तेवढ्यात आतून काचेवरचा ओलावा एका जागी पुसला गेला. हात दिसला नाही. नुसता हातभर रुंद पट्टा स्वच्छ झाला, मुद्दाम कुणी तिला बघू द्यावं तसा.

त्यातून तिला टिल्लू दिसला.

तो आडवा झोपला होता. डोळे मिटलेले. पण त्याचं डोकं सीटवर टेकलेलं नव्हतं. सीटपासून वीतभर वर होतं, अधांतरी, मान जराही न ताणता.

मांडीवर असतं तसं.

मांडी नव्हती.

ताई सांगते, त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कुणीतरी तिला बाजूला ढकललं. तो किल्ल्या बनवणारा होता, हातोडी घेऊन. त्यानं किल्लीचा प्रयत्नच केला नाही. सरळ पुढच्या दाराची काच फोडली.

आतून गरम हवेचा लोट आला. भट्टीचं दार उघडल्यासारखा. पुढच्या सीटवरचा डबा तापून वाकडा झाला होता. त्यातलं मेण पार वितळून गेलं होतं आणि त्या लाल थारोळ्यात दात इकडे तिकडे पडले होते.

ताईनं ते बघितलं आणि फुटक्या काचेतूनच ती कमरेपर्यंत आत शिरली. कारण मेणाला काय सोसतं आणि काय नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

तिनं मागं हात घातला आणि टिल्लूला उचललं.

तो गार होता.

मेलेल्या माणसाचा गारठा म्हणत नाही मी. श्वास चालू होता, गाल गुलाबी होते. पण हात-पाय, कपाळ, मान, सगळं माठातल्या पाण्यासारखं थंड. आजीबाईही तशीच. दोघांचे केस ओले होते. नुसते ओले नाहीत... विंचरलेले. दोघांचाही भांग एका बाजूला, रेघ मारल्यासारखा सरळ पाडलेला.

ताईनं त्यांचा भांग तसा कधीच पाडला नव्हता. आणि गाडीत ना पाणी होतं, ना कंगवा.

आजीबाईचा घसा बसला होता. फोन अजून मुठीत. ती रडली नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मी किती फोन केले. किती ओरडले. मग मावशी बोलली."

मावशी म्हणजे मी. ती मुलं मलाच मावशी म्हणतात.

म्हणून त्या संध्याकाळी ताईचा मला फोन आला. "तू आली होतीस? खरं सांग, तू गाडीपाशी आली होतीस का?"

मी त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाच्या घरी पडद्यांची मापं घेत होते. तसं मी सांगितलं. मग तिनं फोन आजीबाईच्या कानाला लावला.

"अगं, मी नव्हते ना तिथं?" मी विचारलं.

"तू नाही. दुसरी मावशी."

"कुठून आली ती?"

"आली नाही." पोरगी माझ्यावर वैतागली. मोठ्यांना साधं कळत नाही म्हणून वैतागते तशी. "ती बसलेलीच होती. मधे."

"काचा कुणी लावल्या?"

"तिनं. म्हणाली, बाहेर फार ऊन आहे. आणि म्हणाली, ओरडू नका, तुमची आई येणार नाही. मी आहे."

मी तडक ताईकडे गेले आणि रात्रभर तिथंच थांबले. मुलांच्या डॉक्टरांनी दोघांना तपासून घरी सोडलं होतं. मुलांना काही झालेलं नाही, एवढंच ते म्हणाले, आणि बंद गाडीत किती वेळ होती हे ऐकल्यावर त्यांनी ताईकडे असं बघितलं, जणू ती खोटंच बोलते आहे.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. तो फोनवर आधी तिच्यावर खूप ओरडला, मग रडला, मग समजूत घालायला लागला. उन्हानं आणि भीतीनं माणसाला भास होतात. काचा पोरीनंच लावल्या असतील, खेळता खेळता.

"डावीसुद्धा?" ताईनं विचारलं.

मागच्याच सुट्टीत ती काच वर घेताना आतून तो आणि बाहेरून ताई, दोघांचे तळहात सोलपटले होते.

दोन-तीन दिवसांनी मी एकटीच त्या किल्लीवाल्याकडे गेले. काच फोडली म्हणून आभार मानायचं निमित्त. खरं तर मला विचारायचं होतं.

"तुम्ही ताईंना सांगायचंत ना, इथं गाडी लावू नका म्हणून," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"काय सांगू बाई?" तो किल्लीवर कानस घासत म्हणाला. "जागा वाईट आहे, असं? तुम्ही ऐकलं असतं? नवा माणूस जागा रिकामी दिसली की लावतोच. गाडीत मूल नसलं तर काही होतही नाही."

"आणि असलं तर?"

तो किल्ली घासत राहिला. हातोडी मात्र त्याच्या अगदी हाताशी ठेवलेली होती. किल्ल्या बनवणाऱ्याला एवढी मोठी हातोडी कशाला लागते, ते मी विचारलं नाही.

ताईनं त्यानंतर मुलांना गाडीत क्षणभरही एकटं सोडलं नाही. दूध घ्यायचं असो, पेट्रोल भरायचं असो, एक काखेत, एक हाताला. "आलेच" हा शब्द तर तिच्या तोंडून गेलाच. आमच्या घाईताईची घाई संपली. ती सावकाश चालते आता, बघवत नाही.

आणि एकाच प्रश्नाशी झगडते. कधी म्हणते, "तिनं माझी लेकरं वाचवली गं. मी नव्हते तेव्हा ती होती. ती नसती तर त्या मेणासारखी..." आणि कधी मधेच ताडकन म्हणते, "मग मला का अडवलं? माझ्या पोरीचे फोन माझ्यापर्यंत का पोचू दिले नाहीत? काचा का लावल्या?"

मला वाटतं दोन्ही खरं असावं, आणि तेच जास्त भयंकर आहे.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

गेल्या महिन्यात माझं त्या रस्त्यावर काम निघालं. मुद्दाम त्या शटरकडे बघितलं.

जागा भरलेली होती. एक पांढरी गाडी लावलेली. मी काम उरकून परत आले तर ती जाऊन निळी लागली होती. मागच्या सीटवर एक पोर आईस्क्रीम खात बसलं होतं, एकटंच, खुशाल.

मी किल्लीवाल्याकडे बघितलं.

"हल्ली लावतात सगळे," तो म्हणाला. "आता काही होत नाही इथं. तुमच्या बहिणीची गाडी गेल्यापासून..."

बोलता बोलता तो थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी तशीच ताईकडे गेले. तिला सांगायचं कसं, हाच विचार करत होते. सांगायची गरजच पडली नाही. ती म्हणाली, "मी गाडी विकायला काढली होती. काल एक जोडपं येऊन बघून गेलं."

"मग?"

"त्यांचं मूल होतं कडेवर. बाईनं मागचं दार उघडलं, त्याला सीटवर ठेवलं, बसतोय का बघायला. गाडी सकाळपासून उन्हात होती. आणि ती म्हणाली... अय्या, आतून किती गार आहे हो!"

ताईनं किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली. विकायची नाही म्हणाली. ती माणसं चिडून गेली. तिला पैशांची किती गरज आहे हे मला माहीत आहे, तरी मी बरं केलंस म्हटलं.

आता गाडी इमारतीच्या खाली, भिंतीला लावून, झाकून ठेवली आहे. ताई मुलांना घेऊन बसनं जाते. दवाखान्यांची फेरी लॅबनं दुसऱ्याला दिली.

काल मी मुलांना शाळेत सोडायला गेले होते. टिल्लूचा हात माझ्या हातात. झाकलेल्या गाडीपाशी आलो तसा तो थांबला, मागच्या काचेच्या बाजूला वळला आणि नाक उडवून, मान वेळावून, हुबेहूब आईसारखं म्हणाला,

"आलेच हं."

त्याला ती लकब कुणी शिकवली? ताईनं तो शब्द टाकला त्याला वर्ष झालं. तेव्हा तर हा धड बोलतही नव्हता.

मी खाली बसले, त्याचे खांदे धरले. "असं म्हणायचं नाही हं, राजा. कुणाला म्हणतोस? आत कुणी नाही."

"पण मावशी," तो म्हणाला, "ती रोज विचारते ना, कधी येतोस म्हणून."

त्याचा भांग एका बाजूला पाडलेला होता. मी ताईला विचारणार होते, सकाळी केस कुणी विंचरले म्हणून.

अजून विचारलेलं नाही.